मुकी आज्ञाधारकता

‘तुमचे गाव कोणते?’ हा प्रश्न आपण सहज विचारतो. मिशनऱ्यांच्या मुलांना मात्र त्याचे उत्तर तितक्या सहजपणे देता येत नाही. माझे आईवडील मूळचे सोलापूरचे, परंतु मिशनच्या सेवेसाठी संथाळ परगण्यात राहिलेले. घरी मराठी, अंगणात संथाळी आणि दूरच्या वसतिगृहात इंग्रजी, अशा तीन भाषांत मी वाढले. सुटीत आजोळी गेले, की मी पाहुणीच ठरे.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रूथ युसीम यांनी १९५० नंतरच्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकनांचा अभ्यास केला. पुढे अशा मुलांना ‘तिसऱ्या संस्कृतीची मुले’ हे नाव मिळाले. एक संस्कृती आईवडिलांची, दुसरी भोवतालची, आणि तिसरी या दोहोंच्या सीमेवर राहणाऱ्यांची.

आज मी अशाच मुलांच्या वसतिगृहाची व्यवस्था पाहते. त्यांचे खरे दुःख भाषेचे नव्हे, मुकेपणाचे आहे. आईवडिलांनी मोठ्या कार्याला वाहून घेतलेले. मग ‘मला घरी न्या’ असे म्हणणे म्हणजे त्या कार्यात विघ्न आणणे, असे बालमनाला वाटते. मूल रडत नाही, आणि आपण त्याला शहाणे म्हणतो!

आपली नोकरी रेल्वेत असो वा सैन्यात, बदलीच्या वेळी एवढे अवश्य करा. निघण्यापूर्वी मुलाला सवंगड्यांचा, शेजाऱ्यांचा, अंगणातल्या झाडाचाही निरोप घेऊ द्या. ते दूर राहत असेल, तर ‘बरा आहेस ना?’ एवढेच विचारून थांबू नका. त्याचे उत्तर ठरलेले असते. ‘तिथे काय आवडत नाही?’ असे विचारा, आणि ते शेवटपर्यंत ऐकून घ्या.