आतली ओल

"रंगकामातले दोष सांगा. मार्क्स ८." ब्लिस्टरिंग, फ्लेकिंग, एफ्लोरेसन्स... सेकंड इयरला हा प्रश्न आला आणि आपण तो पाठ केल्याप्रमाणे झकास उतरवला. पण हे तिन्ही दोष आमच्या हॉलच्या एकाच भिंतीवर कित्येक वर्षं सुखाने नांदताहेत, हे या भावी सिव्हिल इंजिनिअरच्या कधी डोक्यातच आलं नाही!

आमचं घर सांगलीत. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट! आमच्या हॉलमध्ये कंबरभर पाणी होतं. मी तेव्हा शाळेत होतो. त्या दिवाळीला आम्ही घाई केली. पेंटर लावला, लांबी भरली, वर गुलाबी डिस्टेंपरचे दोन हात. घर कसं नवंकोरं दिसायला लागलं! होळीपर्यंत खालचा तीन फुटांचा पट्टा फुगला आणि पोपडे निघाले. आत पांढरा खार. मग जुलै २०२१ ला पुन्हा पूर. त्यानंतर आईने त्या भिंतीला सोफा लावून विषय संपवला.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तर बाबा म्हणाले, "यंदा पेंटर नको. तुझी फी भरलीय आत्ताच. आपण दोघंच करू. इंजिनिअर आहे की घरात!"

माझ्या पोटात गोळा आला. कारण घरातल्या इंजिनिअरची एम-थ्री राहिली होती, आणि रिझल्ट लागून दोन महिने झाले तरी ते घरी कुणालाच माहीत नव्हतं.

सोफा सरकवला. पत्र्याने जुना रंग खरवडायला घेतला. दोन दिवसांत गुलाबी गेला, त्याखालचा पिस्ता गेला, त्याच्याही खाली आजोबांच्या काळातला नीळ घातलेला चुना लागला. खार दिसल्यावर मी बादलीभर पाणी आणलं. बाबा ओरडले, "अरे, काय करायलास? पाण्यानं तो विरघळून परत आत जातोय. कोरड्या ब्रशनं झाड." बी.कॉम. झालेला माणूस मला बिल्डिंग मटेरियल शिकवत होता!

दिवाळी चार दिवसांवर आली. मी म्हटलं, "बाबा, लांबी मारून टाकू. पॉलिश पेपर, प्रायमर, दोन हात... होऊन जाईल. कुणाला दिसतंय?"

बाबांनी प्लास्टिकचा एक तुकडा घेतला, चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवला आणि म्हणाले, "उद्या सकाळी बघू."

सकाळी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला बारीक थेंब जमले होते.

"बघ. आत अजून ओल आहे. आज झाकलं तर दिवाळीपुरतं झाकेल. नंतर ती ओल बाहेर येणारच, आणि येताना वरचं सगळं घेऊन येणार."

बाबा भिंतीबद्दलच बोलत होते, शप्पथ! पण मला ते थेंब बघवेनात. पत्रा हातात धरूनच मी म्हटलं, "बाबा, माझी एम-थ्री राहिलीय."

ते काही बोलले नाहीत. चिकटपट्टी नीट काढून गुंडाळली. मग विचारलं, "कधी कळलं?"

"दोन महिने झाले."

"आणि दोन महिने एकटाच घेऊन फिरतोयस होय?" एवढंच. लेक्चर नाही, फीचा विषय नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "चहा घे. वरचा भाग तरी पुरा करू."

त्या दिवाळीला आमची भिंत वर पांढरीशुभ्र आणि खाली तीन फूट उघडं प्लॅस्टर अशीच राहिली. फराळाला येणारा प्रत्येक जण विचारायचा आणि बाबा बिनधास्त सांगायचे, "वाळायला ठेवलीय."

मे महिन्यात प्लास्टिक कोरडं निघालं. मग खालच्या पट्ट्याला आम्ही लांबी न लावता नुसता चुना दिला. चुन्यातून भिंतीला श्वास घेता येतो, आत उरलेला दमटपणा बाहेर पडतो. यंदाच्या पावसाळ्यात कोपऱ्यात तळहाताएवढा डाग आला, बाकी भिंत ठणठणीत!

एम-थ्री? सुटली. काठावर सुटली, पण सुटली. रिझल्ट कळल्यावर पाच मिनिटांत घरी फोन केला. बाबांचा पहिला प्रश्न, "अजून काही वाळायचं राहिलंय का?"