दिवा मालवा, काजवे आलेत!

दोस्तांनो, मे महिन्याच्या अखेरीस नाशिकहून भंडारदऱ्याला निघालो, तर शेजारच्या काकू हसल्या. "आत्ता? धबधबे तर पावसाळ्यात असतात!" खरं होतं त्यांचं. पण आम्हाला धबधब्याचा नव्हे, काजव्यांचा फोटो हवा होता. तुमच्या काकांनी कॅमेरा आणि ट्रायपॉड घेतला, मी पोळीभाजीचा डबा घेतला आणि दुपारीच गाडी काढली.

मुंबईच्या रस्त्याने घोटीपर्यंत जायचं आणि तिथून डावीकडे वळायचं. सगळा मिळून साधारण ७० किलोमीटरचा प्रवास. बारी गाव आलं की मान वर करून बघायचं. ते कळसूबाईचं शिखर! उंची १,६४६ मीटर. महाराष्ट्रात याहून उंच शिखर नाही बरं का!

शेंडी गावाशी धरण लागतं आणि त्यामागे डोंगरांच्या ओंजळीत पसरलेला जलाशय. रतनगडावर उगम पावणाऱ्या प्रवरा नदीला इथे अडवलंय. इंग्रजांच्या काळात १९१० साली काम सुरू झालं आणि १९२६ साली पूर्ण झालं. भिंत दगडी, ८२ मीटर उंच! हीच प्रवरा पुढे जाऊन आपल्या नाशिकच्या गोदावरीला मिळते. उन्हाळ्यामुळे पाणी खाली गेलं होतं, पण सूर्य कलला तसं ते तांबूस दिसू लागलं. काकांनी भराभर फोटो काढले.

अंधार पडला तसे आम्ही रतनवाडीच्या रस्त्याला लागलो. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. एका वळणावर मी ओरडलेच, "अहो, थांबा!" समोरचं झाड अख्खं लुकलुकत होतं. क्षणात उजळायचं, क्षणात विझायचं. जणू कुणीतरी ताल धरलाय!

काकांनी गाडीच्या दिव्यांच्या उजेडात ट्रायपॉड उभा केला. मी बॅटरी धरली. सगळी तयारी झाली, वर बघतो तर काय? झाड काळंकुट्ट!

तेवढ्यात रस्त्याने चाललेले एक म्हातारे बाबा थांबले. म्हणाले, "ताई, दिवा इझवा. ती बी दिवं लावूनच एकमेकांला हुडकत्यात. तुमचा एवढा मोठा दिवा पेटल्यावर त्यांचा कुनाला दिसंल?"

किती खरं बोलले ते! काजव्याच्या पोटात ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य असतं. त्याचा प्राणवायूशी संयोग झाला की थंड उजेड पडतो. नर लुकलुकून मादीला हाक मारतो आणि मादी लुकलुकून उत्तर देते. अळी असताना काजवा कित्येक महिने ओल्या मातीत गोगलगाई खाऊन राहतो, पण पंख फुटल्यावर त्याच्याजवळ जेमतेम दोन-तीन आठवडे उरतात. तेवढ्यात जोडीदार सापडला नाही, तर पुढच्या वर्षीचे काजवे यायचे कुठून?

आम्ही सगळे दिवे मालवले आणि गप्प बसलो. दहा मिनिटं गेली. मग एक ठिपका चमकला, मग दुसरा... आणि बघता बघता झाड पुन्हा ताल धरू लागलं! काकांनी ३० सेकंदांसाठी शटर उघडलं. इतक्यात मागून एक गाडी आली, दिवे लखलख लावून. झाड पुन्हा विझलं!

काका चिडले. मी म्हटलं, "अहो, मघाशी आपण तरी काय केलं?" मग काका अंधारातच चालत त्या गाडीपाशी गेले आणि बाबांचं म्हणणं त्यांना सांगितलं. गाडीचे दिवे विझले. त्यातली दोन मुलं आमच्याशेजारी येऊन बसली, आणि झाड तिसऱ्यांदा उजळलं तेव्हा त्यांच्या तोंडून शब्द फुटेना!

तुम्ही गेलात तर उजेड असतानाच पोचा, गाडीचे दिवे बंद ठेवा आणि काजवे बाटलीत मुळीच भरू नका. पहिला मोठा पाऊस झाला की ते दिसेनासे होतात, हेही लक्षात असू द्या.

आमचा तो फोटो घरी भिंतीवर लावलाय. त्यात एका कोपऱ्यात पांढरा पट्टा उमटलाय. तो कशाचा, हे तुम्ही ओळखलं असेलच!