निधी आला, परवाने अडले

अमेरिकेतील रस्ते, पूल आणि वीजवाहिन्यांच्या नूतनीकरणासाठी सरकारकडे नेटाने तगादा लावणाऱ्यांत तिथल्या उद्योजकांच्या संघटना आघाडीवर आहेत. त्यांतली मोठी म्हणजे १९१२ साली स्थापन झालेली यूएस चेंबर ऑफ कॉमर्स. करवाढ म्हटली की हिच्या कपाळाला आठ्या पडतात. तरीही २०१८च्या जानेवारीत तिने पेट्रोलवरचा केंद्रीय कर गॅलनमागे २५ सेंटने वाढवा, असे स्वतःहून सुचवले. १९९३पासून हा कर १८.४ सेंटवरच आहे. कर वाढला नाही, पण नोव्हेंबर २०२१मध्ये १.२ लाख कोटी डॉलरचा पायाभूत सुविधा कायदा झाला आणि चेंबरने त्याची पाठराखण केली.

पैशाची सोय झाल्यावर खरे दुखणे उघडे पडले, ते परवान्यांचे. त्याचे मूळ नेपा या पर्यावरण धोरण कायद्यात आहे. १ जानेवारी १९७० रोजी अध्यक्ष निक्सन यांनी त्यावर सही केली. हा कायदा कशालाही मनाई करत नाही. निर्णयाआधी परिणाम तपासा आणि ते कागदावर मांडा, एवढेच तो सांगतो. पण कोणी कोर्टात गेले, तर ‘हा मुद्दा राहिलाच’ असा ठपका बसू नये म्हणून प्रत्येक खाते अहवालात भर घालत गेले. २०१० ते २०१८ या काळात एका सविस्तर अहवालाला सरासरी साडेचार वर्षे लागली. अंतिम अहवाल सरासरी सहाशे पानांच्या वर गेला. तो पुरता वाचणारे बहुधा विरोधी पक्षाचे वकीलच!

सनझिया वीजवाहिनीचे उदाहरण बोलके आहे. न्यू मेक्सिकोतली पवनऊर्जा अ‍ॅरिझोनाकडे नेणाऱ्या या सुमारे ८८५ किलोमीटरच्या वाहिनीसाठी २००८मध्ये अर्ज झाला आणि काम सुरू झाले २०२३मध्ये. मधल्या काळात क्षेपणास्त्र चाचणीच्या लष्करी क्षेत्रावरून मार्गाचा वाद झाला. काम सुरू झाल्यावर सॅन पेद्रो खोऱ्यातील पवित्र स्थळांसाठी तोहोनो ओओधाम हे आदिवासी राष्ट्र कोर्टात गेले. त्यांची हरकत पोकळ नव्हती. ती ऐकून घेण्याची रीत मात्र फार लांबली.

उलट, १ ऑगस्ट २००७ रोजी मिनियापोलिसचा महामार्गावरील पूल कोसळून १३ जण दगावले, तेव्हा त्याच जागी नवा पूल सप्टेंबर २००८मध्ये खुला झाला. जुन्याच जागी बांधायचे असल्याने सविस्तर अहवालाची गरज पडली नाही.

२०२३मध्ये चेंबरने परवाना सुधारणेची मोहीम उघडली. त्याच वर्षी जूनमध्ये कायदा बदलला: सविस्तर अहवालाला दोन वर्षे आणि साधारणपणे १५० पाने. परिशिष्टे मात्र मोजायची नाहीत. कारकुनी डोक्याला एवढी फट पुरते. मे २०२५मध्ये युटातील ८८ मैलांच्या रेल्वेमार्गाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खालच्या न्यायालयांना बजावले, की अहवालाच्या व्याप्तीबाबत खात्यांच्या निर्णयाचा मान राखावा.

त्यानंतर ऑगस्ट २०२५मध्ये ऱ्होड आयलंडजवळच्या समुद्रातील ‘रिव्होल्यूशन विंड’ प्रकल्पाचे काम केंद्र सरकारनेच थांबवले. सगळे परवाने हातात होते, सुमारे ८० टक्के काम झाले होते. महिन्याभरात कोर्टाने ते पुन्हा सुरू करू दिले. त्यामुळे परवाना लवकर द्या, या मागणीइतकीच आता दिलेला परवाना मागे घेऊ नका, ही मागणीही महत्त्वाची ठरली आहे, आणि मुदती घालून देणाऱ्या २०२३च्या दुरुस्तीत तिचे उत्तर नाही.