कचेरींतील नवा कारकून

वकिलाची कचेरी कायद्याच्या ज्ञानावर चालते असा लोकांचा समज असतो. परंतु तिचा खरा आधार तारीख हा आहे. युक्तिवाद थोडा उणा पडला तर अपिलांत तो सुधारतां येतो. अपिलाची मुदतच टळली म्हणजे मात्र सारी विद्वत्ता बहुधा दाराबाहेर उभी राहते. ह्या तारखा सांभाळण्याचें काम आजवर कारकुनाची रोजवही व त्याची स्मरणशक्ति करीत असे. आतां तें संगणकावरील प्रणालीकडे सोंपविण्याची वेळ लहान कचेऱ्यांवरहि आली आहे, आणि अशी प्रणाली निवडावी कशी, हा प्रश्न अनेक घरांत निघूं लागला आहे.

आमच्या घरांत तो गेल्या वर्षीं निघाला. माझा पुतण्या, सूनबाई व त्यांचा एक सहकारी अशा तिघांची जिल्ह्याच्या गांवीं कचेरी आहे. तेथें तीस वर्षें असलेले कारकून दोन महिने आजारी पडले, तेव्हां निम्मी कचेरी त्यांच्या डोक्यांत होती असें दिसून आलें. एका विधवा बाईंच्या राहत्या घराचें अपील मुदतीच्या आदल्या दिवशीं दाखल झालें, आणि तेंहि बाईंनीं स्वतः येऊन आठवण दिली म्हणून. त्यानंतर प्रणाली घ्यावयाची असें ठरलें. "काका, तुम्ही ना वकील, ना विक्रेते, तुम्ही शेजारीं बसून पाहा," असें म्हणून पुतण्यानें मला परीक्षकांत ओढलें.

विक्रेते आले, पडद्यावर रंगीत आलेख झळकले, आणि कल्पित खटल्यांची कल्पित माहिती क्षणार्धांत हजर झाली. पस्तीस वर्षें वर्गांत उभें राहिल्यामुळें मला एक गोष्ट पक्की ठाऊक आहे कीं, विद्यार्थ्यानें पाठ करून आणलेला धडा ऐकून त्याची परीक्षा होत नाहीं. म्हणून आम्ही आपलें गणित घातलें. जिल्हा न्यायालयांत करावयाच्या अपिलास १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणें ३० दिवस मिळतात. निकाल १ एप्रिलचा, नकलेसाठीं अर्ज ८ एप्रिलला, नक्कल तयार २० एप्रिलला. तर शेवटचा दिवस कोणता? सर्वांत देखण्या प्रणालीनें १ मे असें उत्तर दिलें. परंतु त्याच कायद्याच्या कलम १२ अन्वयें नकलेस लागलेले १३ दिवस वगळावे लागतात, म्हणून उत्तर १४ मे. आणि त्या दिवशीं उन्हाळ्याच्या सुटीमुळें न्यायालय बंद असेल, तर कलम ४ प्रमाणें तें उघडेल तो दिवस. चूक लवकरची आहे, तिनें काय बिघडलें, असें विक्रेत्यांचें म्हणणें पडलें. मी म्हटलें, "५ मे रोजीं दारीं आलेल्या अशिलास तुमचें यंत्र 'मुदत गेली' म्हणून परत पाठवील, हें बिघडलें."

दुसरी एक साधी प्रणाली होती. तिला हें गणित येत नव्हतें. पण तसें ती उघड सांगत होती, आणि वकिलानें काढलेली तारीख, तिचें कारण व ती तपासणाराचें नांव अशा तिन्ही गोष्टी नोंदवून घेत होती. आपलें अज्ञान ओळखणारा विद्यार्थी मला नेहमींच बरा वाटत आला आहे.

पुढें हिशेबाचा विचार झाला. क्लिओसारख्या, २००८ सालीं कॅनडांत निघालेल्या प्रणालींत वकिलाचा वेळ मोजून त्यावर फी आकारण्याची सोय असते, कारण तिकडची वहिवाट बहुतांशीं तशी आहे. आमच्या जिल्हा न्यायालयांत फी बहुधा कामावर किंवा हजेरीवर ठरते. येथें मिनिटें मोजण्याच्या सोयीस पैसे देणें व्यर्थ होय. अशिलाकडून खर्चास घेतलेल्या रकमेचा चोख हिशेब मात्र बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांप्रमाणें ठेवावाच लागतो. तो एका दृष्टिक्षेपांत दिसला पाहिजे. तसेंच, खटल्याची पुढील तारीख पाहण्याची सोय सरकारच्या ई-कोर्ट्स सेवेंत १६ अक्षरांकी सीएनआर क्रमांकावर विनामूल्य मिळते. जें फुकट मिळतें तेंच विकत दिलें जात नाहीं ना, हेंहि पाहावें.

सर्वांत महत्त्वाचे प्रश्न सूनबाईनें विचारले. अशिलानें विश्वासानें सांगितलेली गोष्ट वकिलानें त्याच्या संमतीवांचून फोडूं नये, हा दंडक १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत कलम १२६ मध्यें होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ मध्यें आहे. मग हीं कागदपत्रें कोणाच्या यंत्रावर राहणार, तीं कोण उघडूं शकणार, आणि उद्यां आम्ही ही प्रणाली सोडली तर तीं सर्व आम्हांस कोणत्या रूपांत परत मिळणार? देखण्या प्रणालीचे विक्रेते "सोडण्याची वेळच येणार नाहीं" असें म्हणून हंसले. साध्या प्रणालीच्या गृहस्थांनीं तेथल्या तेथें एक प्रकरण सर्व कागदांसह बाहेर काढून दाखविलें. निवड तेव्हांच झाली.

राहतां राहिले कारकून. ते बरे होऊन आले आणि नवें यंत्र पाहून गप्प बसले. मग मला हळूच म्हणाले, "गुरुजी, मी चुकलों तर साहेब मला विचारतात. हें चुकलें तर विचारायचें कुणाला?" ह्या प्रश्नास कोणत्याहि विक्रेत्याजवळ उत्तर नव्हतें. म्हणून पुतण्यानें त्यांनाच त्या यंत्राचे वरिष्ठ नेमलें. प्रत्येक प्रकरण त्यांनींच त्यांत चढविलें. जुनी रोजवहीहि चालूं ठेविली आहे, आणि रोज सायंकाळीं वही व पडदा ताडून पाहिल्याशिवाय दार बंद होत नाहीं.

ज्या वाचकांच्या घरीं अशी निवड व्हावयाची असेल, त्यांनीं आपल्या कचेरींतील सर्वांत किचकट प्रकरण घेऊन बसावें आणि विक्रेत्यांस त्यावर प्रश्न घालावे. यंत्र तारखेची आठवण देईल; पण ती चुकली तर ज्या बाईंचें घर जावयाचें, त्यांच्यापुढें उत्तर द्यावयास माणूसच उभा राहिला पाहिजे.