दादाचा बंगला : रोजनिशीतील पाने

गुरुवार, 26 ऑक्टोबर 2023

जेसीबी साडेसातला आला आणि नऊला माळवद भुईसपाट. सात खणांचं घर, आजोबांनी बांधलेलं. त्याला दीड तास पुरला. गाव जमलं होतं ते घर बघायला नव्हे, हंडा बघायला. गलाईवाल्याच्या, म्हणजे सोनं गाळणाऱ्याच्या, घराच्या भिंतीत काहीतरी असणारच, असा आमच्याकडं पक्का समज आहे. हे घर उभं राहिलं तेव्हा आमच्या भावकीत गलाईत कुणी गेलेलंच नव्हतं, पण ते ऐकतंय कोण? कोनाड्यामागून एक गंजकी आधोली निघाली, तिच्यात दाढीचं पातं. लोक निराश होऊन वडूजच्या एसटीला गेले.

दुपारी त्रिशूरहून दादाचा फोन. "मास्तर, माती टाकून देऊ नको हं." धंद्याची खोड! सोनाराच्या दुकानातला केर झाडून, धुऊन त्यातनं सोनं काढणारी ही माणसं, त्यांना कुठलीच माती नुसती माती वाटत नाही. नव्या बंगल्याच्या जोत्यात घालायचं त्याच्या मनात होतं. मिस्त्री म्हणाला, जोत्याला मुरूमच पाहिजे. शेवटी पांढरी माती चार ट्रॉल्या करून खालच्या रानात पसरली. ज्वारीला चांगली.

आई पाडकाम बघायला आली नाही. माझ्या घरी लसूण सोलत बसली होती. एवढंच विचारलं, "तुळया कुणी नेल्या?"

मंगळवार, 14 नोव्हेंबर 2023, दिवाळी पाडवा

पायाभरणी झाली. नारळ, पाच विटा, पेढे. दादा व्हिडिओ कॉलवर. नेटवर्क तुटल्यामुळं गुरुजींचे निम्मे मंत्र त्याला ऐकू गेले नाहीत.

निवृत्त झालो तरी इतिहासाच्या मास्तराची खोड जात नाही. शनिवारवाड्याचा पाया 10 जानेवारी 1730 चा, वास्तुशांत 22 जानेवारी 1732 ची आणि खर्च 16,110 रुपये. आज दादाच्या मुख्य दाराची सागवानी चौकटसुद्धा तेवढ्यात येत नाही. मिस्त्रीला हे सांगितलं. त्यानं विचारलं, "मजुरी धरून?"

मंगळवार, 20 फेब्रुवारी 2024

आज खडीचे तीन डंपर. रिकामे झाले तेव्हा धुरळ्यात उभा राहिलो आणि बाबा आठवले. बहात्तरच्या दुष्काळात बाबा आणि आई दोघंही खडी फोडायला जायची. हातोडीखालून डोळ्यांत कच जायची. आम्ही पोरं सुकडीच्या वासानं रांगेत. त्याच्या पुढच्या वर्षी विट्याकडच्या एका पाहुण्याबरोबर दादा केरळात भट्टीवर गेला. चौदा वर्षांचा होता. मूस धरायची, कोळसा फुलवायचा, टाकणखार टाकायचा, तेजाबाच्या वाफेत खोकायचं. खानापूर, आटपाडी, माण, खटाव इथली किती घरं अशी भारतभर पांगली. सोनाराची मोड वितळवून शुद्ध करून द्यायची आणि टंच काढायचा. पाऊस पडला असता तर हा धंदा आम्हाला माहीतही झाला नसता.

पुतण्या व्हर्जिनियात नोकरीला आहे. गेल्या उन्हाळ्यात त्यानं माउंट व्हर्ननची पुस्तिका पाठवली होती, ती आज पुन्हा काढली. जॉर्ज वॉशिंग्टननं तिथलं आपलं घर वाढवायला घेतलं आणि 1775 मध्ये सैन्याचा सेनापती होऊन निघून गेला. मागं बांधकामावर लक्ष ठेवायला दूरचा भाऊबंद, लुंड वॉशिंग्टन. इकडं लढाई चाललेली आणि तिकडं हा गृहस्थ न्यूयॉर्कच्या छावणीतून पत्र लिहून नव्या दालनाची चूल कशी हवी, झाडं कुठं लावायची ते कळवतोय! त्याला स्वतःला घर बघायला मिळालं ते थेट सप्टेंबर 1781 मध्ये, सहा वर्षांनी. तोवर हिशेब, सुतार, रंगारी, सगळं लुंडच्या गळ्यात. भिंती लाकडाच्याच, पण फळ्या दगडासारख्या घडवून ओल्या रंगावर वाळू फेकलेली, म्हणजे लांबून दगडी वाटाव्यात. आणि घाम कुणाचा, तर गुलामांचा. वॉशिंग्टन वारला त्या 1799 साली तिथं 317 गुलाम होते.

दादाचं पत्र येत नाही, व्हॉट्सअॅप येतं. आज सकाळपासून अकरा फोटो. त्यातले नऊ नळांचे.

शुक्रवार, 12 एप्रिल 2024

रविवारी पहिला स्लॅब पडला. रात्री मटण, रिवाजाप्रमाणं. सोमवारपासून माझी खरी परीक्षा, म्हणजे पाणी मारणं.

स्लॅबवर सिमेंटची आळी केली आहेत. त्यांत पाणी तुंबवून ठेवायचं. आणि कॉलमांना बारदानं गुंडाळून ती ओली ठेवायची. मिस्त्री म्हणतो, या उन्हात दहा दिवस तरी एक इंच पाणी हटता कामा नये, नाहीतर स्लॅब भाजतो. इंजिनिअरचंही तेच म्हणणं. येरळा नदी कोरडी आहे. बोअर दुपारी अर्धा तास चालते आणि नंतर नुसती हवा फेकते. म्हणून टँकर, दिवसाआड एक, दहा हजार लिटरचा.

आज टँकर वळणावर आला तेव्हा खालच्या आळीच्या तिघी बाया घागरी घेऊन उभ्या. त्यांना वाटलं, ग्रामपंचायतीचा आहे. ड्रायव्हरनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "भरून घ्या की." त्यांनी घेतलं, पण एकेकच घागर, आणि तेही कसं, दुसऱ्याच्या लग्नात ताट घ्यावं तसं. मला तिथं उभं राहवेना. वर गेलो तर आळ्यांतलं पाणी उन्हात लखलखत होतं आणि त्यात चिमण्या अंघोळ करत होत्या.

आई म्हणाली, "त्या सलाबाला किती पाजताय रं. आपल्या म्हशी बी एवढं पीत न्हवत्या."

संध्याकाळी दादाला हे सांगितलं. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "उद्यापासनं दोन टँकर मागव. एक खालच्या आळीला." आणि लगेच, "सोनं सत्तर हजारांवर गेलंय, मोड लई येतीय." दिलदार माणूस. पण हे त्यानं बोलावं लागलं, मला आधी सुचलं नाही, हे लिहून ठेवतो.

सोमवार, 6 मे 2024

काम बंद. उद्या आमच्या माढ्याचं मतदान, आणि गंमत म्हणजे आमचे गवंडी विजयपूरचे, त्यांचंही उद्याच. काल रात्री टेंपोत बसून सगळे गेले. थापी, ओळंबा, पाणसळ पत्र्याच्या शेडमध्ये, कुलपाची किल्ली माझ्याकडं. फरशीच्या चाळीस खोक्यांच्या राशीवर मी राखण बसलोय.

पुन्हा लुंड आठवला. 1781 च्या एप्रिलात इंग्रजांची एक युद्धनौका माउंट व्हर्ननच्या धक्क्याला लागली. तिच्यावर सतरा गुलाम पळून गेले. बिचाऱ्या लुंडनं घर वाचावं म्हणून शत्रूला रसद दिली. वॉशिंग्टनला कळल्यावर त्यानं खरमरीत पत्र धाडलं. घर जाळलं असतं तरी मला कमी दुःख झालं असतं, असा त्याचा रोख. मालकाला अब्रू दिसते, राखणदाराला छप्पर. मला लुंडचाच कळवळा येतो. सतरा जण पळाले हे वाचूनही मनातल्या मनात बरं वाटलं, हेही खरं.

शनिवार, 2 नोव्हेंबर 2024, पाडवा

छपरावरून भांडण. दादाला केरळच्या घरांसारखी उतरती कौलं हवीत, पुढं नक्षीचा लाकडी त्रिकोण. मी म्हटलं, तिकडं वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, इकडं 500 पडला तर गुलाल उधळतात. आमच्या आजोबांना हे कळत होतं, म्हणून माळवद सपाट आणि वर हातभर माती, उन्हाळ्यात थंड. दादा म्हणाला, "पन्नास वर्षं त्या कौलांखाली झोपलोय मास्तर. मला त्याशिवाय झोप येत न्हाय."

यावर काय बोलणार? कौलं आली. मंगळुरी, तांबडी, दोन ट्रक.

बुधवार, 30 एप्रिल 2025, अक्षय तृतीया

वास्तुशांत. पाचशे पान उठलं. सोन्यानं नुकताच लाखाचा आकडा दाखवलाय, तेव्हा पंगतीत घरापेक्षा भावाचीच चर्चा. दादा, वहिनी, सुना, नातवंडं, सगळे आले. नातवंडं आपसांत मल्याळम बोलतात. आईनं त्यांना जवळ बसवून घेतलं, तिघांच्या हातावर साखर ठेवली.

मग आईला सगळं घर फिरवून दाखवलं. पाच बेडरूम, पाचींना लागून संडास-बाथरूम, लिफ्टची मोकळी जागा. ती स्वयंपाकघरात ओट्याला हात लावून म्हणाली, "जातं कुठं ठिवायचं?" जातं माझ्या घरी आहे, वीस वर्षं कुणी फिरवलेलं नाही. दादा एकदम हळवा झाला, म्हणाला, बाहेर व्हरांड्यात ठेवू.

तो रात्री झोपला नाही. कौलांखाली बसून होता. विचारलं तर म्हणाला, "पावसाचा आवाज न्हाय ना."

रविवार, 4 मे 2025

सगळे गेले. किल्ल्यांचा जुडगा माझ्याकडं, सत्तावीस किल्ल्या. दादानं जाता जाता सांगितलं ते लिहून ठेवतो. मोटार आठवड्यातून एकदा चालवायची. इन्व्हर्टर बघायचा. आणि प्रत्येक संडासात, मोरीत, बेसिनमध्ये दर रविवारी तांब्याभर पाणी ओतायचं. खालच्या वाकड्या नळीतलं पाणी उन्हानं सुकलं की गटाराचा वास घरात येतो. बंद घरांचं हे मला माहीत नव्हतं. आमच्या माळवदाला मोरीच नव्हती.

रविवार, 25 मे 2025

पाच दिवस झोडपतोय. मे महिन्यात असा पाऊस मी बघितलेला नाही. माण-खटावात सगळीकडं तेच. ओढा पुलावरून वाहतोय, म्हणून दुपारी छत्री घेऊन बंगल्यावर.

आत शिरलो तर आवाज. कौलांवरून पाणी पन्हळीत आणि पन्हळीतून फरसबंदीवर धाडधाड. दादाला फोन लावला, बोललो नाही, नुसता फोन छपराकडं धरला. पलीकडं त्याच्या भट्टीचा पंखा चालू होता. थोड्या वेळानं तो बंद झाला.

पन्हळीखाली बादली लावली, तीन मिनिटांत भरली. तीच उचलून वर गेलो. पाच संडास, पाच न्हाण्या, दोन बेसिन, एक स्वयंपाकघरातलं सिंक. पाणी संपलं, तेव्हा खाली येऊन बादली पुन्हा लावली. मोटार चालवायची राहिली आहे, वीज नाही.