ब्लॅक अँड व्हाइट

सबमिशनच्या आठवड्यात आमच्या रूममध्ये एकाच विषयावर जोरदार चर्चा चालू होती, आणि तो विषय अर्थातच सबमिशन नव्हता! रूममेटच्या चुलत भावाने अ‍ॅक्सोलॉटल पाळलाय. माइनक्राफ्ट खेळणाऱ्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते: हा पाण्यातला सॅलॅमँडर, मूळचा मेक्सिको सिटीजवळच्या सोचिमिल्कोचा. हा आयुष्यभर पिल्लाच्याच रूपात राहतो, कल्ले डोक्याबाहेर तुऱ्यासारखे. पाय तुटला तर नवा उगवतो (आमच्या बॅकलॉगसारखा). पाणी मात्र थंड लागतं, सोळा-अठरा डिग्रीचं. आमच्या येरमाळ्यात मे महिन्यात माठातलं पाणीसुद्धा तेवढं थंड नसतं.

भावाने फोटो पाठवून दोन प्रश्न विचारले होते. याचा रंगप्रकार कोणता, आणि नाव काय ठेवू? अंग पांढरं, कल्ले गुलाबी. एक म्हणाली अल्बिनो, दुसरी म्हणाली ल्युसिस्टिक. शेवटी उत्तर डोळ्यांत सापडलं. अंग पांढरं पण डोळे काळे असतील तर ल्युसिस्टिक, डोळ्यांतही काळा रंग नसेल तर अल्बिनो. 1864 साली मेक्सिकोहून पॅरिसला 34 अ‍ॅक्सोलॉटल पोहोचले, त्यांत एक पांढरा होता. आजच्या पांढऱ्यांचा मूळपुरुष तोच, म्हणे.

सगळ्या त्या फोटोवर वाकल्या होत्या. माझ्या कानात मात्र दुसराच आवाज आला : "काय रंग हाय गं?"

त्याचं असं झालं...

एप्रिल 2024. मी फर्स्ट इयरला होते. पेपर तोंडावर आले होते, तरी यात्रेसाठी गावी पळाले. येरमाळ्याची येडेश्वरीची चैत्री यात्रा ज्यांनी पाहिली नाही त्यांना काय सांगू! पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी देवीची पालखी आमराईकडे निघते. वाटेत काळ्या रानात लाखो माणसं वाकून चुन्याचे पांढरे खडे वेचतात. त्याच चुन्याने देवीचं मंदिर रंगवतात. त्या वर्षी पौर्णिमा 23 तारखेला होती. 24 ला पहाटे घरातले सगळे खडे वेचायला निघायच्या तयारीत, आणि आमची गंगी व्यायली.

गंगी देवणी गाय. देवणी म्हणजे लातूर जिल्ह्यातल्या देवणी-उदगीर भागातली जात. गीर, डांगी आणि गावठी जनावरांच्या संकरातून ती तयार झाली असं सांगतात. दूधही देते आणि तिचे बैल कामालाही चांगले. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की ओल्या अंगाचं एक वासरू गोठ्याच्या भिंतीला टेकून थरथरत उभं आहे.

आबा माझ्या शेजारीच उभे होते. म्हणाले, "कालवड हाय. काय रंग हाय गं?"

मी म्हणाले, "ब्लॅक अँड व्हाइट."

"म्हंजे? टीव्ही हाय व्हय त्यो?"

आजी एवढी हसली की तिच्या हातातली बादली हिंदकळली. मी कॉन्व्हेंटची. मराठी आम्हाला तिसरी भाषा, परीक्षेपुरती. रंग म्हणजे बारा खडूंच्या डबीतले बारा, असा माझा समज. आबांकडे तेवढे रंग फक्त बैलांचेच! बांडा, कोसा, गव्हाळा... "ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला" ही म्हण मी दहावीत पाठ केली होती. वाण म्हणजे रंग, आणि ढवळ्या-पवळ्या ही नावंच मुळी रंगावरून आलीत, हे मला त्या गोठ्यात कळलं.

मग आबांनी माझी तोंडी परीक्षा सुरू केली.

"देवणीचे रंग तीन. त्वांड वानरावानी काळं आन् अंग सगळं पांढरं, त्यो वान्नेरा. गंगी वान्नेराच हाय. अंग पांढरं आन् खालच्या बाजूला काळे ठिपके, त्यो बालंक्या. आन् अंगभर कसेबी ठिपके, त्यो शेवरा. आता बग. त्वांड?"

"पांढरं. कानाजवळ थोडं काळं."

"प्वाट?"

"पोटाखाली काळे ठिपके आहेत. पायांवर पण."

"पाठीवर?"

"काही नाही."

"नीट बग."

"नाही हो आबा, स्वच्छ पांढरी आहे!"

"मग बालंक्या." आबा खूश झाले. मीही खूश. आख्खा फ्लोचार्ट सोडवला होता ना!

नावाचा प्रश्न त्यानंतर. मी 'ओरिओ' सुचवलं. आबा म्हणाले, "ओरिओ म्हणून बांधावरनं हाक मारली तर चार माणसं 'ओ' देतील." जनावराचं नाव दोन अक्षरांत हवं, लांबून ऐकू जायला हवं आणि आजीला म्हणता यायला हवं, हे त्यांचे तीन नियम. शेवटी नाव आजीनेच ठेवलं. चुन्याच्या दिवशी आली म्हणून चुनी. (नावाची गंमत बघा, जिल्हा 2023 मध्ये धाराशिव झाला, पण आमची काळी शेळी अजून उस्मानाबादीच आहे. नाव हाकेत बसलं की लवकर सुटत नाही.)

रात्री अंथरुणावर पडल्यावर मला काहीतरी खटकलं. आबा वासरापासून हातभर अंतरावर उभे होते. चांगलं उजाडलेलं होतं. मग रंग मला का विचारला?

तोपर्यंत मी समजत होते की ते मला शिकवतायत. दोन दिवसांनी आजीने खरवस केला. आबांनी ताटलीच्या बाजूला सतरंजीवर हात ठेवला, चाचपडला आणि मग ताटली शोधली. कुणाचं लक्ष नव्हतं. माझं होतं. मी पप्पांना सांगितलं. आबा माझ्याशी दिवसभर बोलले नाहीत.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला. डॉक्टर म्हणाले, इतके दिवस चालवलं कसं? आवाजावर, वासावर आणि सवयीवर चालवलं होतं. पंचक्रोशीतली माणसं बैल घ्यायच्या आधी आबांना दाखवायला आणतात. ज्याच्या नजरेवर लोक पैसे मोजतात, त्याने नजर गेली असं कुणाला सांगायचं? त्यांनी आजीलाही सांगितलं नव्हतं. विचारलं ते फक्त मला, कारण मला काही कळत नाही याची त्यांना खात्री होती!

मे महिन्यात एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. जुलैमध्ये मी सुट्टीला गेले तर आबा ओट्यावर काळा चष्मा लावून बसलेले. मला बघताच उठले. "चल गोठ्यात."

चुनी आता चांगली दांडगी झाली होती. आबांनी तिला दाव्याला धरून फिरवलं. "हिकडनं बग."

उजव्या बरगडीवर एक काळा ठिपका. शेपटीच्या वर पाठीवर दुसरा, रुपयाएवढा. त्या दिवशी ती भिंतीला टेकून उभी होती. मी एकच बाजू पाहिली होती.

"शेवरा," मी हळूच म्हणाले.

"शेवरा," आबा म्हणाले.

इंजिनिअरिंग ड्रॉइंगला आम्ही रात्र रात्र जागून फ्रंट व्ह्यू, टॉप व्ह्यू, साइड व्ह्यू काढले होते. जिवंत वासरासमोर मी एका व्ह्यूवर उत्तर लिहून मोकळी झाले. पोटाखाली ठिपके दिसले, उत्तर जुळलं, पुढे बघायची गरज वाटली नाही.

मला वाटलं प्रकरण घरातच मिटेल. पण आबांनी माझ्या भरवशावर गावभर सांगितलं होतं की गंगीला बालंक्या झाली. संध्याकाळी ते पारावर गेले, मीही मागोमाग. चार म्हातारे बसले होते. आबा म्हणाले, "गंगीची कालवड बालंक्या न्हाई, शेवरा हाय."

कुणीतरी म्हणालं, "नातीनं चुकीचं सांगितलं म्हना की."

मी खाली बघितलं. आबा म्हणाले, "पोरीची चूक न्हाई. मला तवा दिसतच न्हवतं. मी न बगता बोललो."

पारावर जरा वेळ कुणी काही बोललं नाही. मग एका आजोबांनी विचारलं, "आप्रेशनला किती दिस लागत्यात रं?"

पुढच्या महिन्यात त्यांचंही झालं.

आता माझ्या रफ बुकच्या मागच्या पानांवर आबांचे रंग लिहिलेले आहेत. सतरा झालेत. प्रत्येक सुट्टीत एखाद-दुसरा वाढतो. आबांचा दुसरा डोळाही झालाय, त्यामुळे आता परीक्षेत मला बिलकुल सवलत मिळत नाही.

तर रूममध्ये सगळ्यांनी 'ल्युसिस्टिक' वर शिक्कामोर्तब केलं तेव्हा मी म्हणाले, "त्याला सांग, दुसऱ्या बाजूने पण फोटो पाठव." सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. पण फोटो आला. दुसऱ्या बाजूनेही पांढराच, दुसरा डोळाही काळाच. मग कुठे मला बरं वाटलं.

नाव विचाराल तर, पांढरं, मऊ आणि थलथलीत... मी सुचवलं आणि ते एकमताने पास झालं. खरवस!