नीरेकाठचा पालक आणि त्याचे सागरी गोत्र

पुणे आणि सातारा जिल्ह्यांची सीमा आखत वाहणाऱ्या नीरेच्या दक्षिण तीरावर शिरवळ वसले आहे, आणि दिवाळी उलटली की या गावाच्या परसबागांत वर्षातील सर्वांत कोवळी हिरवाई उमटू लागते. शिरवळचा खंडाळा तालुका पर्जन्यछायेत, म्हणजे सह्याद्रीने पावसाळी ढगांचे पाणी आधीच उतरवून घेतल्यावर मागे उरणाऱ्या कोरड्या पट्ट्यात, मोडतो. त्यामुळे येथील पावसाळा तुटपुंजा आणि उन्हाळा लांबलचक असतो. कार्तिक ते माघ या महिन्यांत मात्र पहाटेचा पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो, पण पाणी गोठत नाही, आणि मेथी, शेपू, चाकवत, चुका, पालक यांच्या वाफ्यांना हवी असते ती नेमकी एवढीच थंडी. युरोपातील बागाईतदार ज्या ऋतूतून आपली भाजी कशीबशी वाचवून नेतो, तोच ऋतू नीरेकाठी भाजीच्या भरभराटीचा असतो.

हा फरक सर्वांत स्पष्ट दिसतो तो चार्ड या पालेभाजीत. रुंद, सुरकुतलेली पाने आणि पांढरे, पिवळे किंवा गडद लाल जाड देठ असलेली ही भाजी अलीकडे मोठ्या शहरांच्या बाजारांत ‘स्विस चार्ड’ या नावाने मिळते आणि परकी समजली जाते, परंतु तिचा सख्खा भाऊ महाराष्ट्राच्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या शिजत आला आहे. आपला देशी पालक हा थंड देशांतील ‘स्पिनॅच’ नव्हे. तो वनस्पतिशास्त्रात ‘बीटा व्हल्गॅरिस’ या जातीत मोडतो, म्हणजे चार्ड, कोशिंबिरीचे बीट आणि साखरेचे शर्कराकंद यांच्याच घरातला आहे. विल्यम रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला दिलेले ‘बेंगालेन्सिस’ हे नाव अजूनही त्याच्या शास्त्रीय नावाला जोडलेले आढळते. हे नाते केवळ कागदावरचे नाही. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा ‘पुसा हरित’ हा पालक शर्कराकंद आणि स्थानिक पालक यांच्या संकरातून निर्माण झाला आहे.

या साऱ्या कुळाचा मूळपुरुष म्हणजे भूमध्य समुद्राच्या आणि अटलांटिक महासागराच्या किनाऱ्यावर आजही रानोमाळ उगवणारे सागरी बीट. खारे वारे आणि समुद्राच्या पाण्याचे तुषार सोसत वाढलेल्या या वनस्पतीने क्षार पचवण्याची शक्ती आपल्या वंशजांना दिली, आणि ही देणगी नीरेच्या खोऱ्यात विशेष मोलाची आहे. शिरवळच्या जवळच असलेल्या वीर धरणातून नीरेचे डावा आणि उजवा हे दोन कालवे निघतात. त्यांच्या पाण्याने खालच्या भागात ऊस आला, परंतु निचरा नसलेल्या काळ्या जमिनीत पाणी मुरत आणि साचत राहिले की खोलवरचे क्षार त्या पाण्याबरोबर वर येतात, पाणी उडून जाते आणि क्षार पृष्ठभागावर पांढरे फुलून राहतात. अशा जमिनीला शेतकरी क्षारपड म्हणतो, आणि सांगली जिल्ह्यातील कृष्णाकाठानेही हे दुखणे फार भोगले आहे. या जमिनींचा अभ्यासही जुना आहे: फलटण तालुक्यातील पाडेगाव येथे 1932 साली ऊस संशोधन केंद्र उभे राहिले, आणि बसू व सिरूर या संशोधकांनी दख्खनच्या कालव्यांखालील जमिनींचा जो अभ्यास 1938 साली मांडला, त्यात नीरा उजव्या कालव्याखालची जमीन होती. ज्या परसात मिरचीची रोपे क्षारांमुळे खुरटतात, तेथेही पालक आणि चार्ड तग धरतात. फक्त उगवणीच्या दिवसांत त्यांना गोडे पाणी मिळावे लागते, कारण क्षार सोसण्याची ही शक्ती कोवळ्या रोपात अजून आलेली नसते. समुद्रापासून इतक्या दूर, घाटमाथ्याच्या पलीकडच्या कोरड्या गावात, एका किनारी वनस्पतीचा जुना गुण असा उपयोगी पडावा, ही गोष्ट विलक्षण आनंदाची आहे.

चार्डचे आणि पालकाचे ज्याला आपण बी म्हणतो, ते खरे पाहता एकच बी नसून अनेक फुलांची फळे एकत्र चिकटून झालेली खडबडीत गाठ असते, आणि म्हणून एका ठिकाणी टोकलेल्या एका गाठीतून दोन, तीन, कधी चार अंकुर एकदम वर येतात. बी रात्रभर पाण्यात भिजवून आश्विनाच्या अखेरीस बोटाच्या पेराएवढ्या खोलीवर लावले, तर आठ-दहा दिवसांत उगवण दिसते. त्यानंतर विरळणी, म्हणजे दाटीतली जादा रोपे काढून टाकण्याचे काम, मन घट्ट करून करावे लागते. पालकाला वीतभरापेक्षा कमी अंतर चालते, परंतु चार्डला दोन रोपांमध्ये हातभर जागा मिळाली नाही तर देठ भरत नाहीत. पालक महिन्याभरात कापणीला येतो, चार्डला दोन महिने लागतात, पण पुढे बाहेरची पाने खुडत आणि मधला गाभा राखत गेल्यास चार्डचे एक रोप कित्येक महिने घरचा संसार सांभाळते.

ते इतके दिवस कसे टिकते, याचे उत्तर थंडीत आहे. बीट कुळातील युरोपीय वाण द्विवर्षायू असतात. पहिल्या वर्षी ते पाने आणि मूळ वाढवतात, हिवाळा सोसतात आणि दुसऱ्या वसंतात उंच दांडा काढून फुलतात. या फुलण्यासाठी त्यांना शीतसंस्कार, म्हणजे कित्येक आठवडे सलग मिळणारा कडक गारवा, लागतो आणि त्यापाठोपाठ लांब दिवस लागतात. इंग्लंडमध्ये डिसेंबरात पावणेआठ तासांचा असलेला दिवस जूनमध्ये साडेसोळा तासांपर्यंत ताणला जातो. शिरवळच्या अक्षांशावर तो अकरा तासांवरून जेमतेम सव्वातेरा तासांपर्यंत वाढतो. येथील पहाट गार असली तरी दुपार तीस अंशांच्या आसपास जाते आणि रात्रीची थंडी पुसून टाकते. त्यामुळे चार्डच्या रोपाला आपला हिवाळा झाला, असे कधी वाटतच नाही, आणि ते फुलण्याचा विचार पुढे ढकलत पाने देत राहते. खंबाटकी घाटापलीकडे, सातारा जिल्ह्यातल्याच महाबळेश्वरी, वेण्णा तलावाच्या परिसरात काही पहाटे दव गोठून हिमकण पडतात. तेथील बागेत मात्र रोपाच्या बुंध्याशी वाळल्या पानांचा थर देण्याची युरोपीय रीत अर्थपूर्ण ठरते.

शिरवळला हाच थर वैशाखासाठी लागतो. फाल्गुन सरला की पाने निबर होऊ लागतात, चव उग्र होते आणि मावा पानांच्या मागे दडतो. अशा वेळी उसाच्या पाचटाचे आच्छादन, शेवग्याची किंवा पपईची विरळ सावली आणि संध्याकाळचे पाणी एवढ्या आधारावर चार्डचा गाभा जिवंत राहतो. जी रोपे हा काळ ओलांडतात, ती पहिल्या पावसाबरोबर नवी पाने काढतात. मात्र आषाढात वाफ्यात पाणी साचले, तर पानांवर तपकिरी ठिपके पसरतात आणि मूळ कुजते, म्हणून ती उंच वरंब्यावर असलेली बरी.

स्वयंपाकघरात चार्डला वेगळी विद्या लागत नाही. पालकाची डाळ-दाणे घातलेली ताकातली पातळ भाजी चार्डच्या पानांचीही तितकीच रुचकर होते, आणि जाड देठ बारीक चिरून, पीठ पेरून परतले तर त्यांचा करकरीतपणा टिकतो. या कुळात ऑक्झॅलिक आम्ल बरेच असते, त्यामुळे मूतखड्याची प्रवृत्ती असलेल्यांनी पाने उकळून ते पाणी टाकून द्यावे आणि भाजी बेतानेच खावी.

फूल नाही म्हणून बी नाही, ही चार्डची उणीव मात्र खरी आहे. त्याच्या बियाण्यासाठी दरवर्षी बाजाराच्या पाकिटावर, म्हणजे अखेर कोणत्या तरी थंड मुलखावर, अवलंबून राहावे लागते. देशी पालकाचे तसे नाही. मैदानी उष्ण प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या निवडला गेल्यामुळे त्याने कडक थंडीची अट सोडून दिली आहे, आणि दिवस थोडा लांबताच माघ-फाल्गुनात तो तुऱ्यावर येतो. घरचे बी ही परसबागेची खरी श्रीमंती असल्यामुळे चार्डच्या रंगीत देठांच्या मोहात पालकाचा वाफा मोडणे हे मोठे नुकसान आहे. दोन्ही शेजारी लावावेत. या कुळाचे परागकण वाऱ्याने दूरवर जातात आणि युरोपातील बागेत बीट, चार्ड एकत्र फुलले तर बियाणे भेसळते, पण शिरवळला चार्ड सहसा फुलतच नसल्यामुळे शेजारच्या पालकाचे बी शुद्ध राहते. बी धरण्यासाठी मात्र सर्वांत आधी तुरा काढणारी रोपे न राखता ती उपटून खावीत आणि सर्वांत उशिरा तुऱ्यावर येणारी पाच-सहा रोपे ठेवावीत, कारण घाईने फुलणाऱ्या रोपांचे बी धरले तर पुढच्या हिवाळ्यात पालक चार जुड्या देण्याआधीच दांड्यावर जातो. दांडे पिवळे पडून गाठी तपकिरी झाल्या की ते कापून सावलीत वाळवावेत, हाताने चोळून बी मोकळे करावे आणि कडुनिंबाच्या वाळल्या पाल्यासह घट्ट झाकणाच्या डब्यात दसऱ्यापर्यंत ठेवावे.